कॉलेज निवडा, पण गल्लीला विचारून

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटी परीक्षेचा निकाल हातात आला का? पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढं सात आकडे दाखवतो, पण तुम्ही तेवढ्या खोलात शिरू नका. आधी भावकीतला, पुण्याला हिंजवडीच्या आयटी कंपनीत असलेला दादा गाठा. तो नेमकं काय काम करतो हे आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही, पण शनिवारी रात्री स्वतःच्या चारचाकीतून येतो, एवढी पात्रता पुरे. तो म्हणेल, ‘कॉम्प्युटर घ्या, नाहीतर एआय. बाकी सगळं बाद.’ मान डोलवा.

मेकॅनिकलचं तर नावच काढू नका. आपल्या कोल्हापुरात शिरोलीला, गोकुळ शिरगावात, कागलला फौंड्र्या धडधडतात, गाड्यांचे सुटे भाग ओतले जातात. चांगला इंजिनिअर मिळंना म्हणून तिथले मालक डोक्याला हात लावून बसतात. बसू देत. पोरगं रोज घरी जेवायला यावं म्हणून का आपण क्लासची एवढी फी भरली? तशातही तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईनं चांगल्या कॉलेजांसाठी शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली आहे, त्यामुळं कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवायला वाव भरपूर. एवढ्या पोरांना शिकवणार कोण, असं विचारणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून आचाऱ्याचं शिक्षण विचारणं.

आता विद्यापीठ. ‘कॉलेज स्वायत्त झालंय, म्हणजे पदवी कॉलेजचीच,’ हे तालमीच्या कट्ट्यावर छातीठोकपणे सांगा. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः बघतं, पण पदवी संलग्न विद्यापीठच देतं, आपल्याकडं म्हणजे १९६२ सालचं शिवाजी विद्यापीठ. असं कुणी शहाणा सांगू लागला, तर रंकाळ्याच्या पाण्याचा विषय काढा. खासगी विद्यापीठ स्वतःची पदवी देतं, प्रवेशाची रीतही त्याची वेगळी, तेही सोडा. तुम्ही गेटची कमान मोजा. पुण्याचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज सीओईपी १८५४ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं. इतक्या जुन्या भिंतींसमोर फोटो काय चांगला येणार?

माहितीपत्रकावर नॅकची श्रेणी ठळक छापलेली असते, ती वाचून थांबायचं. नॅक अख्ख्या संस्थेचं मूल्यांकन करतं आणि एनबीए ही दुसरी यंत्रणा एकेका शाखेला मान्यता देते, हा बारकावा घरात कुणाला कळता कामा नये. नाहीतर पोरगंच विचारेल, ‘पप्पा, माझ्या शाखेला एनबीए आहे का?’ आणि शाखा परवा सुरू झालेली, पहिली तुकडी अजून बाहेर पडायची आहे, हे उघड होईल.

पॅकेजचं मात्र बघाच. ते चौकातल्या डिजिटल फलकावर असतं, साहेबांच्या वाढदिवसाच्या शेजारी. एका पोराला मिळालेला सगळ्यात मोठा आकडा आपल्यालाही मिळणार, असं धरून गृहकर्जाचा हिशेब मांडा. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीला माहिती देणारी कॉलेजं किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) किती, हे संकेतस्थळावर टाकतात खरं, पण त्यात फोटो नसतो. नुसते आकडे कोण वाचणार?

मग पर्यायांचा अर्ज. जागा गुणवत्तेनं आणि तुमच्या पसंतीक्रमानं मिळते. अवघड कॉलेज वर लिहिलं म्हणून खालच्यावरचा हक्क जात नाही. तरी नेट कॅफेवाला ‘वरचं टाकू नका, खालचंही जातंय’ म्हणाला, तर त्याचंच ऐका, त्यानं सकाळपासून किती अर्ज भरलेत! आणि पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की प्रवेश आपोआप गोठतो, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. तेव्हा पहिला पर्याय शेजाऱ्याच्या पोरानं टाकलाय तोच टाकावा. निदान बस तरी एकच.

राहता राहिली मुलगी. तिला भावापेक्षा जास्त पर्सेंटाइल पडला, पुण्यात चांगल्या ठिकाणी नंबर लागतोय, असा पेच काही घरांत येतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींनी कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत फेऱ्यांतून, प्रवेश घेतला, तर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. शाहू महाराजांच्या गावात हे कुणाला सांगायला नको. पण घाबरू नका, उत्तर सोपं आहे. ‘पोरीच्या जातीला एवढ्या लांब कशाला?’ म्हणून तिला इथंच ठेवा, आणि वाचलेल्या पैशात थोडी जमीन विकून भर घाला, म्हणजे भावाला मॅनेजमेंट कोट्यातून पुण्याला पाठवता येईल.