खान्देशी माणसाला उपरोध कळत नाही म्हणे!

जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडच्या मोबाइलांवर सध्या एक मजकूर मोठ्या आपुलकीने पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: उपरोध ही इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेली शहरी चाल आहे, खान्देशातला माणूस ओठात एक आणि पोटात एक ठेवत नाही, म्हणून त्याला उपरोध बोलताही येत नाही आणि कळतही नाही, उपरोध म्हणजे तोंडावर बोलण्याची हिंमत नसलेल्याचा टोमणा, खरा उपरोध फक्त दैव करते, जसा त्याने बालकवींशी केला, आणि एखाद्याला उपरोधाने लिहायचेच असेल, तर त्याने मजकुराखाली तशी सूचना द्यावी. हे सारे आपल्या भागाची स्तुती म्हणून लिहिलेले आहे आणि स्तुती समजूनच वाचले जात आहे, त्यामुळे त्याला उत्तर देणारे कोणी पुढे आलेले दिसत नाही.

पहिल्या विधानावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. खान्देश इंग्रजांच्या हाती गेला १८१८ मध्ये. त्याच्या सुमारे सात शतके आधी काश्मीरच्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त एक श्लोक दिला आहे, त्यात अपकार करणाऱ्याला उद्देशून बोलणारा म्हणतो की तुझे उपकार किती सांगावेत, सौजन्याची तू परिसीमाच गाठलीस, मित्रा, असाच वागत राहा आणि शंभर वर्षे सुखाने जग. शब्दांचा सरळ अर्थ जेथे पूर्णपणे टाकून द्यावा लागतो, अशा ध्वनीचे, म्हणजे शब्दांतून सुचणाऱ्या अर्थाचे, उदाहरण म्हणून मम्मट हा श्लोक देतो. संस्कृत पंडितांचे सोडून दिले, तरी सोळाव्या शतकातल्या एकनाथांच्या भारुडातली सून आहेच. ती भवानीला रोडग्याचा नवस बोलते आणि त्या बदल्यात सासरा, सासू, नणंद आणि शेवटी नवरासुद्धा दूर करून आपल्याला एकटीला मोकळे ठेवण्याची मागणी करते. ऐकणाऱ्याला हसू आधी येते, आणि ही सासरची मंडळी म्हणजे जिवाला चिकटलेले पाश आहेत, हे मागाहून उलगडते. श्रावणात कानबाई देवीचे रोट करणाऱ्या आमच्याकडच्या घरांतल्या बायकांना हे समजावून सांगावे लागत नाही. नवस कशाला म्हणतात, सासर कसे असते आणि देवीकडे काय मागायचे नसते, या तिन्ही गोष्टी त्यांना आधीच ठाऊक असतात. उपरोधाला हीच भूमी लागते. बोलणारा आणि ऐकणारा या दोघांच्याही मनात जे न बोलता पक्के असते, त्याच्या विरुद्ध काहीतरी गंभीर चेहऱ्याने बोलले जाते, आणि ऐकणारा तो विरोध स्वतः भरून काढतो. त्यासाठी पदवीची आवश्यकता कोठे येते, हे मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगावे.

दुसरे विधान खान्देशी माणसाविषयीचे आहे, आणि तेच सर्वांत कच्चे आहे. ज्याने आमच्याकडची कापसाची खेडा खरेदी, म्हणजे व्यापाऱ्याने गावात येऊन शेतकऱ्याच्या घरूनच केलेली खरेदी, एकदा जरी ओसरीवर बसून पाहिली असेल, त्याला हे विधान लिहिताना हात आखडता घ्यावा लागला असता. सरकारी खरेदीत आठ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण भाव आणि त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात, असा यंत्राने मोजण्याचा हिशेब असतो. खेडा खरेदीत ते यंत्र व्यापाऱ्याच्या तळहातात बसवलेले असते. मार्चचे ऊन पत्र्यावर तापलेले आहे, कापूस काही महिने घरात पडून कडकडीत झालेला आहे, आणि व्यापारी त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून, डोळे किंचित मिटून, ‘ओल आहे’ असा निर्णय देतो. शेतकरी वाद घालत नाही. तो आत वळून सांगतो, ‘शेठले टावेल दे रे पोऱ्या, हात पुशी लेतीन.’

या वाक्यात खोटे काही नाही, अपशब्द नाही आणि पाहुणचारात उणीवही नाही. व्यापारी रागावला, तर कापूस कोरडा असल्याचे त्याला ठाऊक होते हे सर्वांसमोर उघड होते. तो हसला, तरी तेच होते. आणि टॉवेल घेऊन हात पुसू लागला, तर काय होते हे लिहिण्याची गरज नाही. भाव त्यामुळे वाढतो असे मुळीच नाही, बहुतेक वेळा तो पडलेलाच राहतो. पण ओसरीवर बसलेल्या चारचौघांत कोण काय जाणून होते याची नोंद झालेली असते, आणि ती पुसता येत नाही.

साहित्यातला दाखला हवा असेल, तर तोही घरचाच आहे. असोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. त्यांतल्या एका गाण्यात सासुरवाशीण माहेरचे कौतुक गात वाटेने चाललेली असते, आणि ते ऐकून एक योगी तिला विचारतो की माहेरचे एवढे वेड आहे तर सासरी नांदतेस कशाला. प्रश्न तर्काला धरून आहे आणि विचारणारा ज्ञानी आहे. बाई शांतपणे उत्तर देते की लेकीला माहेर मिळावे म्हणून माय सासरी नांदते. संसार सोडून ज्ञान मिळवायला निघालेल्याला संसारातली पहिली गोष्ट ठाऊक नाही, हे ती कोठेही म्हणत नाही. तिने ते ऐकणाऱ्यावर सोपवलेले आहे. हे उपहासापेक्षा कितीतरी बारीक काम आहे, आणि ते जात्यावर व शेतात झालेले आहे. ज्याला हे दिसले नाही त्याने खान्देशी माणसाला ‘भोळा’ म्हणावे, यात कौतुकापेक्षा दुर्लक्षच अधिक आहे.

तिसऱ्या विधानात, म्हणजे उपरोध हा भित्र्याचा टोमणा आहे या म्हणण्यात, अर्धे तथ्य आहे. ज्याच्या हातात तराजू नाही, ज्याला त्याच घरात पुन्हा चूल पेटवायची आहे, त्याने सरळ बोलावे आणि परिणाम भोगावेत, असे सांगणे दुसऱ्याच्या जिवावर शूर होण्यासारखे आहे. अशा माणसाने काढलेला उपरोध हा भित्रेपणा ठरत नाही. पण तोच उपरोध वरून खाली आला, की त्याची जात बदलते. उताऱ्यासाठी पुन्हा पुन्हा खेटे घालणाऱ्या म्हाताऱ्याला खिडकीआडून ‘या, या, तुमच्यावाचून कार्यालय अडले होते’ असे म्हटले जाते, तेव्हा म्हाताऱ्याला उलट बोलण्याची सोय नसते आणि बोलणाऱ्याला लपण्याची गरज नसते. तो निव्वळ अपमान आहे. तेव्हा दोष पाहायचाच असेल, तर कोण कोणाला म्हणतो आहे, हे आधी पाहावे.

बालकवींचा उल्लेख मात्र टाळायला हवा होता. धरणगावात १८९० मध्ये जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून गेले, तेव्हा त्यांचे वय तीसही नव्हते. आनंदाची गाणी लिहिणारा असा गेला, म्हणून त्याला दैवाचा उपरोध म्हणणे हे दुःखाला अलंकार चढवणे झाले. शिवाय त्यांच्या कवितेतली उदास छटा ज्यांनी वाचली आहे, त्यांना ‘आनंदाचा कवी’ ही पाटीच अपुरी वाटेल. अपघात, योगायोग, लग्नाच्या दिवशी आलेला अवकाळी पाऊस, यांत उपरोध नसतो. एखाद्या व्यवस्थेने किंवा माणसाने जे गृहीत धरले, तेच त्याच्यावर उलटून आले, तर प्रसंगात उपरोध उतरतो. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले, आणि जिने कधी अक्षर गिरवले नाही तिच्या नावाच्या शिक्क्याने आता आम्ही सुशिक्षित असल्याचे प्रमाणपत्र घेतो. नाव योग्यच दिले गेले आहे, आणि प्रसंगातला उपरोधही त्यामुळे कमी होत नाही.

राहता राहिली सूचना लावण्याची मागणी. डॅनियल डिफो या इंग्रज लेखकाने १७०२ मध्ये एक निनावी पत्रक काढले. राजमान्य चर्चबाहेरच्या पंथीयांचा कायमचा निकाल लावावा, असे त्यात कडव्या चर्चवाद्यांच्याच भाषेत मांडले होते. डिफो स्वतः त्या पंथीयांपैकीच होता. कडव्या मंडळींतल्या काहींना पत्रक मनापासून पटले. लेखक कोण आणि त्याचा हेतू काय हे कळल्यावर मात्र खटला झाला, आणि १७०३ मध्ये डिफोला लंडनमध्ये चव्हाट्यावर खोड्यात उभे करण्यात आले. फसलेले हे वाचक शिकलेसवरलेले होते, हे पहिल्या विधानाच्या लेखकाने लक्षात घ्यावे. पत्रकाखाली ‘हा उपरोध आहे’ अशी ओळ असती, तर डिफोची शिक्षा कदाचित टळली असती, पण त्या मंडळींच्या पोटात काय आहे ते बाहेर आले नसते. सूचना आवश्यक आहे ती पेरणीच्या सल्ल्यात, औषधाच्या चिठ्ठीत, पुराच्या इशाऱ्यात. तेथे तर उपरोधच नको. इतर ठिकाणी वाचकाला एकदा फसण्याची मुभा असू द्यावी.