‘बाहेर राहतो, म्हणून रिटर्न नको’ हे तुम्हाला कुणी सांगितलं?

‘अमेरिकन पासपोर्ट असून भारतात राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचे’ या मथळ्याचा एक फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय. आधी वाचून सोडून दिला होता. आता तो मामीला तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मिळाला (तिथे अमेरिकन करकायदा कशाला, असं विचारू नका, निम्म्या सभासदांची नातवंडं न्यू जर्सीत आहेत), तिने तो माझ्या मामेभावाला, म्हणजे दादाला, पाठवला आणि त्याने त्यातल्या पत्राचा नमुना भरायला घेतला. तेव्हा मात्र राहवलं नाही.

दादाचा जन्म ह्यूस्टनचा. मामा तिकडे नोकरीला होता. दादा तीन वर्षांचा असताना सगळे पार्ल्याला परतले, पुढचं सगळं आयुष्य मुंबईत गेलं. पासपोर्ट अमेरिकेचा, सोबत ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते). आता वहिनी आणि मुलीला घेऊन तिकडे जायचं चाललंय. मुलगी मुंबईत जन्मलेली. बाप अमेरिकन म्हणून ती आपोआप अमेरिकन होत नाही, कारण आई परदेशी असेल तर बापाने मुलाच्या जन्माआधी किमान पाच वर्षं, आणि त्यातली दोन स्वतःच्या वयाच्या चौदाव्या वर्षानंतर, अमेरिकेत काढलेली असावी लागतात. त्यामुळे दोघींसाठी आय-१३० (जवळच्या नातेवाइकाला तिकडे नेण्यासाठीचा पहिला अर्ज) आले.

फॉरवर्ड म्हणतो: अमेरिकेबाहेर राहणाऱ्या नागरिकाला तिथलं आयकर रिटर्न भरावं लागत नाही. भारत-अमेरिका करार असल्याने इथे कर भरला की विषय संपला. तसंही १,३०,००० डॉलरपर्यंतचं उत्पन्न माफ आहे. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व, म्हणून भारताचाच कायदा लागू. इमिग्रेशनच्या फाइलला भारतातली तीन वर्षांची आयटीआर आणि ‘मी परदेशात राहत असल्याने मला रिटर्न लागू नाही’ असं पत्र जोडायचं. तिकडचा एखादा नातेवाईक जॉइंट स्पॉन्सर (सोबतचा हमीदार) झाला तर तेही नको. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत: मागचं भरायला जाऊ नका, पासपोर्ट जप्त होईल.

पत्रापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात. ही सहीनिशी केलेली चूक आहे.

पत्नी-मुलांना नेणाऱ्याने आय-८६४ नावाचा फॉर्म भरायचा असतो: यांना सरकारी मदतीवर अवलंबून राहू देणार नाही, मी सांभाळेन, अशी हमी. त्यावरची सही खोटी ठरल्यास शपथभंगाची शिक्षा मान्य, अशा कलमाखाली होते. या फॉर्मसोबत अमेरिकन सरकारच्याच सूचना मिळतात. त्यात स्वच्छ लिहिलंय की अमेरिकेबाहेर राहणं हे नागरिकाला किंवा ग्रीन कार्डधारकाला तिथलं रिटर्न भरण्यापासून सूट देत नाही. म्हणजे ज्या फॉर्मला हे पत्र जोडायचा सल्ला दिलाय, त्याच फॉर्मच्या सूचना हे पत्र खोडून काढतात! वकील नको, सीए नको, फॉर्म डाउनलोड करताना शेजारची पीडीएफ उघडली तरी पुरे होतं. पण नमुना लिहिणाऱ्याने ती उघडली नाही आणि पुढे पाठवणाऱ्यांनी तर नाहीच नाही.

पत्राची कल्पना कुठून आली असेल याचा अंदाज आहे. उत्पन्न इतकं कमी की रिटर्न लागतच नव्हतं, अशांनी तसं लेखी कारण जोडावं, असं त्याच सूचनांत आहे. दुसऱ्या कुठल्या कायदेशीर कारणाने सूट असेल तर पुराव्यासह खुलासा द्यावा, असंही आहे. त्यातलं ‘लेखी कारण जोडा’ एवढंच कुणीतरी उचललं आणि कारण स्वतःच्या मनाचं घातलं. भरणं बंधनकारक असूनही ज्यांनी भरलं नाही, त्यांनी आधी राहिलेली रिटर्न भरावीत आणि आयआरएसचं (अमेरिकन आयकर खात्याचं) ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे भरलेल्या रिटर्नचा अधिकृत उतारा, जोडावं, ही पुढची ओळ मात्र फॉरवर्डमध्ये आली नाही. दादासारखे बहुतेक लोक याच ओळीत बसतात.

आणि समजा पत्र जोडलंच. बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीला बसलेला अधिकारी अशी पत्रं पहिल्यांदा पाहत नसतो. २२१-जी ची चिठ्ठी (व्हिसा तूर्त अडवून कागद मागवणारी) हातात ठेवून तो ट्रान्स्क्रिप्ट आणायला सांगेल, म्हणजे टाळलेलं काम मुलाखतीनंतर, सामान बांधून झाल्यावर, करायचं. त्याहून वाईट असं की मागची रिटर्न बिनदंड भरायची एक सोय आहे (तिच्याकडे येतेच), तिथे ‘हे जाणूनबुजून केलं नाही’ असं लिहून द्यावं लागतं. ‘मला लागू नाही’ असं सही करून सरकारी फाइलला जोडायचं, आणि नंतर दुसऱ्या सरकारी खात्याला ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायचं. जमेल पटवायला?

भारतातली आयटीआर हवी तर जोडा, उत्पन्नाचा पुरावा म्हणून चालेल. ती अमेरिकन रिटर्नची जागा घेत नाही.

आता ते १,३०,००० डॉलर. हा आकडा खरा आहे, म्हणूनच लोक फसतात. परदेशात कमावलेल्या उत्पन्नावरची ही सूट २०२४ साठी १,२६,५०० आणि २०२५ साठी १,३०,००० डॉलर आहे. पण ती फॉर्म २५५५ भरून मागावी लागते, आणि तो फॉर्म रिटर्नलाच जोडतात. रिटर्नच नाही तर सूट मागणार कुठे? शिवाय ती फक्त कष्टाच्या कमाईला आहे: पगार, व्यवसायाची फी. एफडीचं व्याज, डोंबिवलीच्या फ्लॅटचं भाडं, शेअरचा लाभांश, म्युच्युअल फंडाचा नफा, यांतलं काहीही त्यात बसत नाही.

आणि रिटर्न कधी लागतं याची मर्यादा वेगळीच असते. २०२४ साठी एकट्या माणसाला ती १४,६०० डॉलर होती. दादा एकटा नाही. बायको अमेरिकन नसली की बहुतेक जण ‘विवाहित, स्वतंत्र रिटर्न’ हा प्रकार निवडतात. त्याची मर्यादा किती, सांगा पाहू? पाच डॉलर. हजार नाही, पाच. आजच्या भावाने चारशे-साडेचारशे रुपये. बचत खात्याच्या व्याजातच दादाने ती ओलांडली असणार. लग्न झालेल्या अमेरिकन नागरिकाला मुंबईत बसून ‘माझं उत्पन्न मर्यादेखाली आहे’ असं म्हणायचं असेल तर त्याने जवळपास निरिच्छ साधूच व्हायला हवं.

जो नोकरीत नाही, स्वतःचं काम करतो, त्याची गोष्ट आणखी कडू आहे. निव्वळ कमाई ४०० डॉलरवर गेली की त्याला रिटर्न लागतं आणि १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्ससुद्धा. वरच्या १,३०,००० च्या सवलतीने तो माफ होत नाही. काही देशांशी अमेरिकेचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे, तिथल्या लोकांची यातून सुटका होते. भारताशी असा करार नाही. अंधेरीत घरून डिझाइनची कामं घेणाऱ्या एखाद्या अमेरिकन पासपोर्टवालीला ‘माफ आहे ग’ म्हणून गप्प बसवणारा हा फॉरवर्ड तिचं खरोखरचं नुकसान करतो.

करारावर फार वेळ घालवत नाही. भारत-अमेरिका दुहेरी कर टाळण्याचा करार १९८९ चा आहे. त्याच्या पहिल्याच कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदात अमेरिकेने स्वतःसाठी दार उघडं ठेवलंय: आपल्या नागरिकांवर, हा करार झालाच नाही असं समजून, कर लावता येईल. इथे भरलेल्या कराची वजावट तिकडे मिळते हे मान्य. पगारदाराचा इथला कर बऱ्याचदा तिकडच्या हिशेबापेक्षा जास्त भरतो, त्यामुळे देणं शून्य निघतं हेही मान्य. फॉरवर्डमधलं एवढं अर्धसत्य देऊन टाकते. पण ती वजावटही फॉर्म १११६ भरून, रिटर्नमध्येच घ्यायची आहे.

ओसीआय हे नागरिकत्व नाही. मतदान नाही, भारतीय पासपोर्ट नाही. राज्यघटनेचं नववं कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दोन पासपोर्ट ठेवू देत नाहीत. आणि समजा खरोखरच दोन नागरिकत्वं असती, कॅनडा-अमेरिका अशी असतात तशी, तरी अमेरिकेच्या बाजूने काही फरक पडला नसता. तिचा कर पासपोर्टामागे चालतो, पत्त्यामागे नाही.

जॉइंट स्पॉन्सरचं अर्धं बरोबर आहे. दादाची मुंबईतली नोकरी तिकडे गेल्यावर राहणार नाही, त्यामुळे तो पगार हमीसाठी धरला जाणार नाही. न्यू जर्सीचा काका पुढे आला तर उत्पन्नाची अट त्याच्या जिवावर पुरी होईल. पण अर्जदाराला स्वतःचा आय-८६४ तरीही द्यावाच लागतो, त्यासोबत स्वतःचं रिटर्नही, आणि आपण तिकडे बिऱ्हाड करणार आहोत याचा पुरावाही. काकाचा फॉर्म दादाच्या फॉर्मला जोडून जातो, त्याच्याऐवजी नाही.

‘कोणाला कळणार आहे’ असं मामी फोनवर म्हणाली. बँकेत फॅटकाचं (अमेरिकन लोकांच्या परदेशी खात्यांची माहिती मिळवणारा तिकडचा कायदा) स्वयंघोषणापत्र भरताना जन्माचा देश विचारतात ना, तो उगाच नाही. २०१५ च्या करारानुसार भारतीय बँका अमेरिकन व्यक्तींच्या खात्यांची माहिती आपल्या आयकर खात्यामार्फत तिकडे पोचवतात. आणि खात्यांचं एक स्वतंत्र विवरणही द्यायचं असतं, एफबार. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी ते लागतं. बेरीज म्हणजे सगळ्यांची. मामीने म्हातारपणाची सोय म्हणून सहकारी बँकेतल्या एफडींवर दादाचं दुसरं नाव घातलंय, त्याही मोजायच्या. मामीला हे सांगितल्यावर ती एकदम गप्प झाली.

राहिली ती पासपोर्ट जप्तीची भीती. अमेरिकेच्या २०१५ च्या कायद्याने गंभीर करथकबाकी असलेल्याचा पासपोर्ट अडवता येतो, हे खरं. पण ती आयआरएसने निश्चित करून मागे लावलेली थकबाकी असते. मर्यादा मुळात ५०,००० डॉलरची होती, ती महागाईनुसार वाढत गेली आहे. राहिलेलं रिटर्न स्वतःहून भरणाऱ्याशी, ज्याचं देणं बहुधा शून्य आहे, त्या जप्तीचा काय संबंध? उलट त्याच्यासाठी वर म्हटलेली ती सोय आहे. तिला स्ट्रीमलाइन्ड म्हणतात. मागच्या तीन वर्षांची रिटर्न, सहा वर्षांचे एफबार, आणि हे हेतुपुरस्सर केलं नव्हतं असं कारणांसह निवेदन. परदेशात राहण्याची अट बसत असेल तर दंड नाही. आयआरएसने आधीच तपासणी सुरू केली असेल तर ही सोय मिळत नाही. म्हणजे ‘गप्प बसा’ हा सल्ला माणसाला त्याच दिशेने ढकलतो. ही रिटर्न ऑनलाइन जात नाहीत, कागदावर टेक्सासच्या ऑस्टिनला पाठवायची, आणि ट्रान्स्क्रिप्टवर यायला महिने लागतात. त्यामुळे आय-१३० मंजूर होण्याची वाट बघत बसू नका. त्या अर्जाला रिटर्न लागत नाही, नंतरच्या टप्प्याला लागतं, एवढ्या एका गोष्टीवरून लोक निर्धास्त राहतात.

वहिनीला वेगळीच काळजी लागली होती, तिच्या क्लिनिकचं उत्पन्नही दाखवावं लागणार का. दादाने स्वतंत्र रिटर्न भरलं तर नाही. एकत्र रिटर्नचा पर्याय मुद्दाम निवडला तरच तिचं जगभरचं उत्पन्न त्यात येतं. ग्रीन कार्ड घेऊन ती तिथे उतरली की मात्र तिलाही हेच नियम, इथल्या भाड्यासकट.

आणि जे दादासारखे कामाला लागणार असतील त्यांच्यासाठी एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट. आपला ‘फॉर्म १६’ (कंपनी देते ते पगार आणि टीडीएसचं प्रमाणपत्र) एप्रिल ते मार्चचा, त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबरचं. फॉर्म १६ वरचा आकडा तसाच उचलून टाकता येत नाही. महिन्याच्या पगारपत्रकांवरून बेरीज नव्याने करावी लागते, कापलेल्या टीडीएसचीही. तीन वर्षांची पगारपत्रकं कंपनीच्या पोर्टलवरून आत्ताच उतरवून ठेवा. राजीनामा दिल्यावर लॉगिन बंद होतं, आणि मग एचआरला मेल पाठवत बसावं लागतं.