तात्यांची वेल

कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या, चांदीकामाच्या आमच्या गावच्या, घरच्या ग्रुपवर आठवडाभर वाद चाललाय आणि मी, नक्षी कोरणारा कारागीर, इथे इंग्लंडात बर्मिंगहॅमला चिडून बसलोय. पुतण्यानं चांदीच्या डबीवर पानांची वेल कोरली. सुरेख कोरली, हात चांगलाच आहे त्याचा. पण ती वेल युरोपातल्या एका हयात कारागिराची आहे. इन्स्टाग्रामवरचा फोटो मोठा करून, ट्रेसिंगवर घेऊन, पानांच्या शिरांसकट उतरवलेली. खाली लिहिलंय, ‘आमची पारंपरिक नक्षी’. त्या माणसाचं नाव का नाही, असं मी विचारलं, तर चौघांचं एकच उत्तर : नक्षी काय कुणाच्या मालकीची असते?

हेच चौघं २०२५च्या जूनमध्ये पेटून उठले होते. प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा. कोल्हापुरी चपलेचं २०१९चं जीआय (भौगोलिक) मानांकन त्या आठवड्यात सगळ्यांना तोंडपाठ होतं. आपलं गेलं की चोरी आणि आपण घेतलं की परंपरा?

नक्कल करूच नये असं मी म्हणत नाही. सोळाव्या शतकात जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गचा व्हिर्गिल सोलिस सोनारांसाठी नमुने छापायचा, ते कोरावेत म्हणूनच. इथल्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये, म्हणजे सोनारांच्या वस्तीत, शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा पहिलं वर्षभर मीही दुसऱ्यांच्याच वेली कोरल्या. जुन्या घड्याळाच्या झाकणावरच्या रेघांत काळं भरायचं, वर सेलोटेप दाबायची, उचलून तांब्याच्या पत्र्यावर लावायची, की सगळी नक्षी जशीच्या तशी हाताखाली येते. कोरणी कुठे कलती झाली की रेघ रुंदावते, कुठे उचलली की केसासारखी बारीक होत संपते, हे दुसऱ्याच्या रेघेवरून गेल्याशिवाय हाताला कळतच नाही. पण ते पत्रे ड्रॉवरमध्ये राहायचे. अँकरच्या ठशासाठी ॲसे ऑफिसला, म्हणजे धातूची शुद्धता तपासणाऱ्या इथल्या कचेरीला, जाणाऱ्या एकाही वस्तूवर ती नक्षी गेली नाही.

मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक एका बाईंच्या कामाचा फोटो घेऊन आलं, ‘अगदी असंच हवं’ म्हणून. मी त्या बाईंना ईमेल केला. त्या नको म्हणाल्या, मी काम सोडलं. इथे असंच चालतं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

पुतण्यानं मला कायदा पाठवला. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १५ : डिझाइनची नोंदणी करता येत असून केली नाही आणि मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं औद्योगिक पद्धतीनं पन्नासहून जास्त नग काढले, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. अरे, पण तो माणूस एकेक वस्तू हातानं कोरतो. पन्नास नग कुठून होणार? मग पुतण्यानं ओवेन जोन्स या इंग्लिश डिझायनरला मध्ये आणलं. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनातली आपली नक्षी जोन्सनं १८५६च्या नक्षीवरच्या त्या जाडजूड पुस्तकात छापलीच ना? छापली. पण नावानिशी, हिंदुस्थानची म्हणून. आणि त्याच पुस्तकात त्यानं बजावलंय की जुन्या कामामागची तत्त्वं आपली, त्यातून निघालेली फळं आपली नव्हेत.

यावर पुतण्यानं माझ्याच वेबसाइटवरचा एक फोटो टाकला. कोयरी आणि तिच्याभोवती उलटी वळलेली वेल. खाली एवढंच : ‘काका, ही आपल्या गल्लीतल्या तात्यांची ना?’

तात्यांचीच. पानाचं टोक आत न वळवता बाहेर मोडायची त्यांची लकब होती, गावात दुसरं कुणी तसं करत नसे. इथे कामासाठी दारोदार फिरत होतो तेव्हा माझ्याकडचा इंग्लिश स्क्रोल, म्हणजे इथली वळणदार वेलनक्षी, दहाजणांसारखाच होता. एकानं विचारलं, तुमच्याकडचं काय आहे? मी तात्यांची वेल कोरून दाखवली. काम मिळालं. पुढे सोळा वर्षं तीच माझी ओळख. ‘इंडियन डिझाइन’ म्हणून विकतो. त्यांचं नाव कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. हुपरीचा म्हणवून घ्यायला माझ्याजवळ तेवढंच होतं आणि तेही त्यांचं होतं.

तात्या आता दुकानात बसत नाहीत, डोळ्यांनी साथ सोडली. काल रात्री त्यांच्या मुलाला फोन लावला. डबीचं बोलायला सुरुवात केली, तर त्यानं फोन तात्यांकडेच दिला. ते म्हणाले, “पानाचं टोक बाहेर मोडतोस ना अजून?”