'वरचे वीस पेपर घ्या' या सल्ल्यात काय चुकतं

सबमिशन जवळ आलं की नाशिकमधल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर हा सल्ला फिरू लागतो: 'गूगल स्कॉलरवर विषय टाका, वरचे वीस पेपर घ्या, गोषवारे वाचा, अचूकतेचा तक्ता करा, संदर्भयादी एआयकडून घ्या. दोन दिवसांत लिटरेचर सर्व्हे तयार.' इथल्याच मातीतला विषय घेऊन हे तपासू: द्राक्षावरच्या डाऊनी रोगाच्या रोगकारकाची इफेक्टर प्रोटीन्स (झाडाचा प्रतिकार मोडायला तो सोडतो ती) संगणकाने ओळखणं.

वरचे वीस? स्कॉलरच्या क्रमवारीत सायटेशन्सना (इतर पेपरांनी दिलेल्या संदर्भांना) वजन असतं, म्हणून जुने पेपर वर येतात आणि गेल्या दोन वर्षांतले खाली दबतात. पबमेड या जैववैद्यकीय पेपरांच्या शोधसूचीवर रोगकारकाचं शास्त्रीय नाव प्लाझ्मोपारा व्हिटिकोला घ्या, त्याला 'इफेक्टर', 'आरएक्सएलआर' (इफेक्टरांचा एक गट), 'सिक्रेटोम' (जीव बाहेर सोडतो त्या सगळ्या प्रोटीन्सचा संच) हे पर्याय जोडा. शोधवाक्य, तारीख, निकालांची संख्या लगेच टिपा. मग चांगल्या दोन-तीन पेपरांच्या संदर्भयादीतून मागे आणि 'साइटेड बाय'मधून पुढे जा. तेच ते पेपर पुन्हा दिसू लागले की थांबा.

गोषवारा पुरतो? इथेच जास्त लोक फसतात. डाऊनी बुरशीसारखी दिसली तरी ती ऊमायसीट, म्हणजे खऱ्या बुरशीहून वेगळ्या गटातली आहे. इफेक्टर ओळखणाऱ्या इफेक्टरपी या टूलची २०१६ची पहिली आवृत्ती बुरशीच्या प्रोटीन्सवर शिकवलेली, दुसरीही तशीच. ऊमायसीट तिसऱ्या आवृत्तीत आले. 'फंगल' वाचून टूल डाऊनीला चालेल असं धरलं, की सगळा सर्व्हे तिरका जातो. ट्रेनिंग डेटा कुठला, हे मेथड्समध्ये आणि सप्लिमेंटरी फाइलमध्येच कळतं.

अचूकतेचा तक्ता तर निव्वळ दिशाभूल. समजा १५,००० प्रोटीन्सपैकी २०० इफेक्टर आहेत. सगळ्यांना 'नाही' म्हणणारं टूलसुद्धा ९८.७ टक्के अचूक ठरतं! उलट ९० टक्के सेन्सिटिव्हिटी (खऱ्यांपैकी किती पकडले) आणि ९५ टक्के स्पेसिफिसिटीचं (इफेक्टर नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) टूल १८० खरे पकडतं, पण सोबत ७४० खोटे आणतं. म्हणजे पाचातला एकच खरा. त्यात ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये एकमेकांशी मिळतीजुळती प्रोटीन्स राहिली असतील तर आकडा आणखी फुगतो. म्हणून तक्त्यात हे रकाने हवेत: जीव, पॉझिटिव्ह-निगेटिव्हची संख्या, सारखेपणा किती टक्क्यांवर छाटला, प्रिसिजन (पकडलेल्यांपैकी खरे किती), रिकॉल (म्हणजेच सेन्सिटिव्हिटी), एमसीसी (खरे-खोटे सगळे निकाल एकत्र तोलणारा एक आकडा), कोड आज चालतो का. माहिती दिलेली नसेल तर 'दिलेलं नाही' असंच लिहा; संशोधनातली फट बहुधा त्याच रकान्यात सापडते.

एआयने दिलेला प्रत्येक डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक) उघडून पाहा. कधी भलताच पेपर निघतो, कधी काहीच उघडत नाही.

राहिले दोन दिवस. तेवढ्यात शोधवाक्य पक्कं होतं, डुप्लिकेट निघतात आणि गोषवाऱ्यांवरून पहिली चाळणी होते. वाचन त्यानंतर सुरू.