पाचशे रुपयांच्या बोर्डातून हाय-फाय निघत नाही म्हणे!

संगीतप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. स्वस्त ईएसपी३२ चिपवर घरी स्ट्रीमर, म्हणजे वाय-फायवरून गाणी घेऊन ॲम्प्लिफायरला देणारी पेटी, बनवणाऱ्यांना तो उद्देशून असतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. ईएसपी३२ ही दिवे आणि पंखे लावायची-विझवायची चिप आहे, संगीताचं काम तिचं नाही. तिचा आवाज ८ बिटचा. बिनतारी म्हटलं की आवाज पातळ होणारच. त्यात घड्याळ हलतं, म्हणजे आवाजाचे ठोके वेळेच्या मागेपुढे पडतात; यालाच जिटर म्हणतात. दोन-तीनशे रुपयांचा डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप, हा तर कचरा. आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ वाजत नसेल तर त्याला हाय-फाय म्हणूच नये. तेव्हा चांगला महागातला स्ट्रीमर घ्या, नाहीतर गप्प बसा.

या यादीत थोडं खरं आहे, पण ते भलत्याच जागी चिकटवलेलं आहे. आणि असा स्ट्रीमर खरोखर कशाने बिघडतो, त्याचा यादीत उल्लेखच नाही.

‘आवाज ८ बिटचा’

हे आलं कुठून ते कळतं. २०१६ साली बाजारात आलेल्या मूळ ईएसपी३२ मध्ये दोन पिनांवर आतलाच डॅक आहे आणि तो खरोखर ८ बिटचा आहे. सुरुवातीच्या कित्येक हौशी प्रयोगांत त्यालाच थेट स्पीकर जोडला गेला. ८ बिट म्हणजे सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजात जेमतेम ४८ डेसिबलचं अंतर. तानपुऱ्यापेक्षा खरखर जास्त ऐकू यायची.

पण स्ट्रीमर बनवणारा त्या पिनांना हातही लावत नाही. फिलिप्सने १९८६ मध्ये आखलेल्या आय-टू-एस या जोडणीवरून आकड्यांच्या रूपातलंच संगीत बाहेरच्या डॅकला दिलं जातं. चिप फक्त हमालाचं काम करते: वाय-फायवरून फाइल घ्यायची, उलगडायची, पुढे ढकलायची. २४० मेगाहर्ट्झचे दोन गाभे या कामाला पुरून उरतात. फ्लॅक, म्हणजे दर्जा न गमावता गाणं दाबून ठेवायची पद्धत, मुद्दाम अशा रीतीने रचलेलं आहे की दाबताना कष्ट पडतात, उलगडताना फारसे नाहीत.

‘बिनतारी म्हणजे आवाज पातळ’

इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. ब्लूटूथवर नेहमी चालणारं एसबीसी हे काटछाट करणारं कोडेक, म्हणजे आवाज दाबायची-उलगडायची पद्धत, आहे. वरच्या दर्जालाही सेकंदाला साधारण ३२८ किलोबिट. तिथे तक्रार करायला जागा आहे. वाय-फायवर मात्र कापायची गरजच नाही. सीडीच्या दर्जाचं न दाबलेलं संगीत सेकंदाला १,४११ किलोबिट घेतं, फ्लॅक त्याहून बरंच कमी, आणि या चिपचं वाय-फाय चांगल्या परिस्थितीत सेकंदाला वीसेक मेगाबिट ओढतं.

शिवाय आकड्यांतली चूक ‘पातळ’ ऐकू येत नाही. टीसीपी या पाठवणीच्या पद्धतीने आलेलं माहितीचं पाकीट बिघडलं तर ते पुन्हा मागवलं जातं. वेळेत आलंच नाही, तर टक्‌ असा आवाज होतो किंवा गाणं थांबतं. फक्त वरचे स्वर मऊ करून खालचे जसेच्या तसे ठेवणारी चूक वाय-फायला जमत नाही. तुमचं गाणं अडखळत असेल तर राउटरची जागा बदला किंवा बोर्डाला घातलेली ती देखणी ॲल्युमिनियमची पेटी काढा. ॲन्टेना धातूच्या डब्यात कोंडून वर रेंज नाही म्हणणारे लोक मी पाहिले आहेत.

खरेदी करताना एक लक्षात ठेवा. नवं ते चांगलं म्हणून लोक ईएसपी३२ च्याच एस३ मालिकेची चिप घेतात. तिच्यात जुनं, ‘क्लासिक’ ब्लूटूथ नाहीच. फक्त लो-एनर्जी आहे. फोनवरून नेहमीसारखं ब्लूटूथने गाणं पाठवायचं असेल तर मूळ ईएसपी३२ हवा, आणि तोही जादा रॅम असलेला. स्क्वीझलाइट-ईएसपी३२ हे या कामासाठीचं गाजलेलं फर्मवेअर, म्हणजे चिपवर चालणारं सॉफ्टवेअर, ४ एमबी जादा रॅम मागतं. साध्या बोर्डावर ते चालत नाही, आणि मग दोष चिपला जातो.

‘घड्याळ हलतं, जिटर येतो’

यादीतला हा सगळ्यात वजनदार मुद्दा, म्हणून जरा थांबू.

वाय-फायवरून पाकिटं अनियमित येतात हे खरं. पण डॅक त्या पाकिटांच्या तालावर चालत नाही. महापालिकेचं पाणी दिवसातून दोन तास आणि तेही कधी जोरात, कधी करंगळीएवढं आलं, तरी गच्चीवरच्या टाकीमुळे न्हाणीघरातला नळ एकसारखा वाहतो. इथे ती टाकी म्हणजे बफर. सीडी-दर्जाचं एक सेकंदाचं संगीत १,७६,४०० बाइट. ४ एमबीत उलगडलेलं वीसेक सेकंदांचं मावतं, दाबलेलं त्याहून जास्त. डॅककडे जाणारा ताल बोर्डावरच्या ठोके देणाऱ्या क्रिस्टलपासून निघतो. नेटवर्कचा जिटर तिथे पोचतच नाही.

मग घड्याळ अगदी स्वच्छ असतं का? नाही, आणि हे मान्य करायलाच हवं. ४४.१ किलोहर्ट्झ हा सीडीच्या नमुन्यांचा दर (सेकंदाला ४४,१०० आकडे) चिपच्या आतल्या १६० मेगाहर्ट्झला नीट भागत नाही. अपूर्णांकी भागाकार करताना चिप कधी एक ठोका जास्त मोजते, कधी कमी, आणि लहरीची कड ६.२५ नॅनोसेकंदांनी मागेपुढे होते. मूळ ईएसपी३२ मध्ये यावर उपाय म्हणून ध्वनीसाठीच वेगळं पीएलएल, म्हणजे नेमका ताल तयार करणारं सर्किट, ठेवलेलं आहे. फर्मवेअरमध्ये ते चालू करावं लागतं. एस३ मध्ये तेही काढून टाकलं. म्हणजे ‘नवं ते चांगलं’ इथे दुसऱ्यांदा आपटतं.

आता ६ नॅनोसेकंद कानाला कळतात का? जपानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सराईत श्रोत्यांना, त्यांच्या पसंतीच्या ऐकण्याच्या परिस्थितीत, संगीतात मुद्दाम मिसळलेला यादृच्छिक जिटर ओळखायला सांगितलं होतं. ओळखण्याची सीमा निघाली काही शे नॅनोसेकंद. भागाकाराचा जिटर अगदी यादृच्छिक नसतो, तो ठरावीक चालीचा असतो, म्हणून दोन्हींची थेट तुलना मी करणार नाही. पण ‘जिटरमुळे मंच कोसळला, गायिका पडद्यामागे गेली’ असलं वर्णन एवढ्याशा हलण्यावर उभं राहत नाही.

‘स्वस्त डॅक कचरा’

पीसीएम५१०२ए ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप. डेटाशीटवर गोंगाटापासूनचं अंतर ११२ डेसिबल. सीडीच्या १६ बिटांना सुमारे ९६ पुरतात. बाहेर २.१ व्होल्टचा लाइन सिग्नल, म्हणजे सीडी प्लेअर देतो तेवढाच. घड्याळाची तिसरी तार (एससीके) नसली तरी स्वतःच्या पीएलएलने ती आपलं घड्याळ तयार करते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे जांभळं बोर्ड विचारा, दुकानदाराला नाव पुरतं.

त्या बोर्डावरची चिप अस्सलच असेल याची हमी मी देत नाही, नकला आहेत. पण ‘आवाजच येत नाही, बोर्ड भिकार’ या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा सोल्डर असतं. मागच्या बाजूला चार जागा जोडायच्या असतात. म्यूटची पिन खाली ओढलेली राहिली तर चिप आज्ञाधारकपणे गप्प बसते. एससीकेची पिन सर्किटच्या जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडली नाही तर ती न येणाऱ्या घड्याळाची वाट बघते.

‘१९२ किलोहर्ट्झ नाही, मग हाय-फाय नाही’

२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ९.२ मेगाबिट. ईएसपी३२ वर त्याचा भरवसा धरू नये, हे खरंच. पण त्यात गमावलं काय? ४४.१ चा दर २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर पकडतो आणि चाळिशीनंतर आपल्यातल्या बहुतेकांचे कान १५-१६ ला हात टेकतात. अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ च्या तबकड्यांवरून उतरवलेली गाणी १९२ मध्ये जपणारे लोक आहेत. ते सुईची खरखर मोठ्या इमानाने साठवताहेत. तरीही तशा फाइली असतीलच, तर घरच्या संगणकावरचा लिरियन म्युझिक सर्व्हर त्या वाटेतच खालच्या दरावर आणून पाठवतो.

जे यादीत नाही ते

असा स्ट्रीमर बिघडवते ती वीज.

वाय-फाय पाठवताना ही चिप क्षणभरात दोनशे मिलिॲम्पियरच्या वर खेचते आणि लगेच सोडते. डॅकही त्याच ३.३ व्होल्टवर बसवला असेल तर प्रत्येक हिसका लाइन सिग्नलमध्ये उतरतो. गाण्यांच्या मधल्या शांततेत सेकंदाला दहाएक वेळा टिक-टिक ऐकू आली तर ती राउटरच्या बीकनबरोबर, म्हणजे तो ठरावीक वेळाने देतो त्या हाकेबरोबर, झोपून उठणाऱ्या रेडिओची असू शकते. फर्मवेअरमध्ये वाय-फायची झोप बंद करून बघा. डॅकला ५ व्होल्टवरून त्याच्या स्वतःच्या रेग्युलेटरमार्फत वीज द्या. चिपजवळ मोठा कॅपॅसिटर लावा. जमिनीच्या तारा एका ठिकाणी आणा.

दुसरा दोषी दोन पिनांचा स्वस्त चार्जर. ॲम्प्लिफायरच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येतात ना, ती या चार्जरांची गळती. अर्थिंग नसलेल्या घरात सेट-टॉप बॉक्स, ॲम्प आणि स्ट्रीमर एकमेकांना तारांनी बांधले की घूंऽऽ चालू होतं. ओळखायची युक्ती सोपी: बोर्ड पॉवर बँकेवर चालवा. घूंऽऽ थांबलं तर गुन्हेगार सापडला. चांगला चार्जर घ्या, लाइनमध्ये विलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर घाला, किंवा ऑप्टिकल जोडणी वापरा. प्रकाशाच्या तारेतून वीज जात नाही. परीक्षेसाठी ढोलताशा नको. विलंबित आलापाची सुरुवात लावा, जिथे नुसता तानपुरा आहे, आणि आवाज नेहमीपेक्षा वाढवा.

महागड्या स्ट्रीमरमध्ये हाच वीजपुरवठा नीट केलेला असतो, आणि त्यासाठी पैसे मागणं रास्त आहे. त्याशिवाय पैसे जातात ते ॲपसाठी, रिमोटसाठी, वॉरंटीसाठी आणि संगीतसेवांच्या अधिकृत मान्यतेसाठी. वडिलांना सकाळी रेडिओ लागतो आणि तुम्ही दुसऱ्या शहरात राहता, असं असेल तर खुशाल तयार वस्तू घ्या. राउटरचा पासवर्ड बदलला की घरी बनवलेल्या बोर्डाला तो सांगण्यासाठी त्यांना फोनवरून आयपी पत्ता टाइप करायला लावावा लागतो.