गंगाजल भरून बोट चालत नाही

काल रात्री मामींचा रडवेला फोन आला. मामांनी स्कूटरला ‘पाण्यावर चालणारं किट’ बसवायला तीन हजार आगाऊ भरले. कारण ग्रुपवरचा तो मेसेज: ‘काशीत गंगेच्या पाण्यावर बोट धावते, धुराऐवजी गंगाजल सोडते, प्रदूषण शून्य. आता गाड्याही पाण्यावर!’

बोट खरी आहे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीला सोबत घेऊन कोचीन शिपयार्डने बांधली. २४ मीटर लांब, ५० प्रवासी. फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालं, डिसेंबर २०२५ पासून नमो घाटावरून प्रवासी नेते. पण सरकारी पत्रकात इंधन स्पष्ट लिहिलंय: हायड्रोजन. एकदा भरला की आठ तासांपर्यंत चालते. भरावा लागतो, नदीतून उपसता येत नाही!

पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. राखेवर चूल पेटते का? पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. बोटीतल्या फ्युएल सेलमधून, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्रातून, परत हाती येते जेमतेम १६-१७ युनिट. आता मामांच्या किटचा फोटो बघा: सीटखाली प्लास्टिकची बाटली, तिच्यात स्टीलच्या दोन पट्ट्या, वरून इंजिनाकडे जाणारी नळी. पट्ट्यांना वीज बॅटरीची, बॅटरी भरणार इंजिन, इंजिन पिणार पेट्रोल. म्हणजे पेट्रोल वाचणं दूरच, थोडं जास्तच जाणार. शिवाय त्या बाटलीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र साठतात. एक ठिणगी पुरे. मामा मागे नातीला बसवून शाळेत सोडतात हो!

‘गंगाजल सोडते’ म्हणे. बाहेर पाणी पडतं हे खरं, पण ते टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून झालेलं. गंगेचा त्यात थेंब नाही.

‘प्रदूषण शून्य’ हे अर्धं मान्य करतो. घाटावर डिझेलचा धूर नाही, धडधड नाही, ही मोठी गोष्ट आहे. पण आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच काढतात. नॉर्वेच्या ‘हायड्रा’ फेरीबोटीसाठी तर तो जर्मनीतून टँकरने आणावा लागला.

मामांना सकाळीच सांगितलंय: उरलेले पैसे देऊ नका, स्कूटरला हात लावू देऊ नका. तुमच्याही घरी कुणी आगाऊ रक्कम भरली असेल तर आजच विचारा.