दोन कबरी, दोन वास्तुकार

१९२१ साली बर्लिनजवळच्या वोल्टर्सडॉर्फ या गावी एक अख्खे भारतीय संस्थान उभारण्यात आले. त्यात मंदिरे होती, राजवाड्याचे उंच जिने होते, वाघांसाठी खोल खड्डा होता आणि तप करीत बसलेल्या साधूंच्या रांगा होत्या. या संस्थानाचे नाव एश्नापूर. कोल्हापूर, सोलापूर, पंढरपूर ही नावे ऐकत वाढलेल्या माझ्या कानाला त्या नावाचा शेवट घरचा वाटला. सुरुवात मात्र आपल्या कोणत्याच भाषेत बसेना.

जो माय यांनी दिग्दर्शित केलेला ‘दास इंडिशे ग्राबमाल’, म्हणजे ‘भारतीय कबर’, हा दोन भागांचा मूकपट त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीत प्रदर्शित झाला. दोन्ही भाग मिळून साडेतीन तासांच्या वर जातात. गेल्या महिन्यात मी तो दोन रात्री बसून पाहिला आणि पुढच्याच आठवड्यात ‘शिराझ’ हा १९२८ चा मूकपट पुन्हा एकदा पाहिला. दोन्ही कथा एका कबरीभोवती फिरतात, आणि दोन्हींत एक राजा, एक राणी आणि एक वास्तुकार आहे. हे चित्रपट लागोपाठ पाहताना मनात जे आले ते सविस्तर लिहावेसे वाटले, कारण दूरदेशी घडणाऱ्या प्रेमाच्या आणि साहसाच्या या जुन्या चित्रपटांविषयी आपल्याकडे जे थोडेफार बोलले जाते ते ‘त्यांनी आपला देश चुकीचा दाखवला’ एवढ्यावरच थांबते. देश चुकीचा दाखवला आहे यात शंका नाही. पण माझी खरी तक्रार निराळी आहे, आणि हे चित्रपट मला आवडतात त्याचे कारणही निराळे आहे.

आधी कथा सांगतो. एश्नापूरचा राजा आयान याच्या राणीचे, सावित्रीचे, एका इंग्रज अधिकाऱ्यावर प्रेम जडले आहे. जमिनीत जिवंत पुरून घेतलेल्या रामिगानी नावाच्या योग्याला राजा बाहेर काढतो, आणि जो बाहेर काढील त्याची इच्छा पूर्ण करणे योग्याला भाग असल्याने त्याला इंग्लंडला पाठवून हर्बर्ट रोलँड या वास्तुकाराला बोलावून घेतो. एका थोर प्रेमाची कबर बांधायची आहे, असे रोलँडला सांगण्यात येते. राणी वारली असावी, असे समजून तो येतो आणि इथे आल्यावर त्याला कळते की राणी जिवंत आहे. मेले आहे ते प्रेम, आणि कबर हे सुडाचे साधन आहे. रोलँडची वाग्दत्त वधू आयरिन त्याच्या मागोमाग येते. पुढे शाप आहे, कुष्ठरोग आहे, त्या अधिकाऱ्याला वाघांच्या तोंडी देणे आहे, आणि शेवटी डोंगरदरीवरच्या झुलत्या पुलावर इतरांचा जीव वाचावा म्हणून सावित्रीने स्वतःला दरीत झोकून देणे आहे. आता बांधायच्या कबरीला खरोखरीचा मृतदेह मिळतो आणि राजा तिथेच प्रायश्चित्त घेत बसतो.

ताजमहालाची कथा उलटी करून मांडली की हे कथानक होते, आणि त्या कल्पनेचे श्रेय जर्मन लेखिका थेआ फॉन हार्बू यांच्या १९१८ सालच्या कादंबरीला द्यायला हवे. पटकथा त्यांनी दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांच्यासह लिहिली. मला खटकली ती गोष्ट या कल्पनेच्या आतच आहे. आयानला प्रेम करण्याची, सूड घेण्याची, दुःखाने वेडे होण्याची पूर्ण मोकळीक आहे. इतकी की त्याच्यापुढे कथेतले सगळे युरोपीय पुरुष फिके पडतात. त्याच्याजवळ सोने आहे, सैन्य आहे, पाताळातून उठवलेला योगी आहे. फक्त आपल्या प्रेमाची कबर त्याला स्वतःच्या माणसांकडून बांधून घेता येत नाही. ज्या देशात ताजमहाल उभा आहे त्या देशातल्या राजाला कबर बांधायला लंडनहून माणूस आणावा लागतो, आणि याचे आश्चर्य साडेतीन तासांत कोणालाही वाटत नाही. कल्पनेने रचलेल्या मंदिरांवर मी रागावत नाही. पात्रांना काय करू दिले आणि काय करू दिले नाही, यावर मी रागावतो.

इथे मला माझ्याच गावाची एक गोष्ट मान्य करायला हवी. मी कोल्हापूरचा. आमचा काळ्या दगडाचा नवा राजवाडा १८८४ साली पूर्ण झाला, त्याचे वास्तुकार मेजर चार्ल्स मँट. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडाही मूळ त्यांचाच. म्हणजे संस्थानिकाने इंग्रज वास्तुकाराला काम देणे ही हार्बू यांची मनगढंत कल्पना नव्हती, तो त्या काळचा रिवाज होता. पण मँट यांच्या राजवाड्यात घुमट, छत्र्या आणि कमानी आल्या त्या इथल्याच इमारती पाहून आल्या, आणि दगड घडला तो पाथरवटांच्या हातांनी. इतिहासात नाव मँट यांचे राहिले, पाथरवटांचे राहिले नाही. जर्मन चित्रपटाने एवढेच केले की हा विसर एका भव्य कथेत कायमचा बसवून दिला.

अमेरिकेत त्याच सुमारास, १९२१ च्या अखेरीस, नट रुडॉल्फ व्हॅलेंटिनो यांचा ‘द शेख’ हा मूकपट प्रदर्शित झाला. कॅलिफोर्नियातल्या वाळूच्या टेकड्यांचे सहारा वाळवंट झाले होते. अरब शेख एका इंग्रज तरुणीला पळवून नेतो, तिचा तिटकारा हळूहळू प्रेमात बदलतो, आणि शेवटी उघड होते की शेख मुळात अरब नाहीच. त्याचा बाप इंग्रज आणि आई स्पॅनिश आहे. प्रेक्षक स्त्रियांना दीड तास ज्याच्याविषयी ओढ वाटू दिली त्याचे रक्त अखेरच्या क्षणी बदलून टाकायचे, हा प्रकार मला वोल्टर्सडॉर्फच्या सगळ्या खोट्या मंदिरांपेक्षा अधिक अप्रामाणिक वाटतो. आयान निदान शेवटपर्यंत आयानच राहतो.

आणि आयान राहतो तो कॉनराड फाइट यांच्यामुळे. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांचा राजा जवळजवळ हलतच नाही; बोटे, पापण्या आणि मान एवढ्यावर त्यांनी सारी भूमिका तोलली आहे. मूकपटांतला अभिनय म्हणजे हातवारे आणि डोळे फाडणे असे ज्यांना वाटते त्यांनी त्यांचे नुसते जिना उतरणे पाहावे. योग्याच्या भूमिकेतले बर्नहार्ड गेट्झके मातीतून वर येऊन सावकाश डोळे उघडतात, तेव्हा त्या कथेवर विश्वास ठेवायला माझी काहीही हरकत उरत नाही. मी हा चित्रपट आईबरोबर पाहिला. शेजारी बसून मी तिला पडद्यावर मधूनमधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांचा अर्थ सांगत होतो, पण पुलाच्या प्रसंगात तिने मला हाताने थांबवले. तिला पाट्यांची गरज नव्हती.

हे प्रकरण जर्मनीतच इतके मोठे का झाले, हेही समजून घ्यायला हवे. युद्ध हरलेला, वसाहती गमावलेला, चलनाची किंमत घसरत चाललेला तो देश होता. सामान्य जर्मन माणसाला बर्लिनबाहेरचा प्रवासही जड जात असणार. जो माय यांनी त्याआधी ‘दी हेरिन डेअर वेल्ट’, म्हणजे ‘जगाची स्वामिनी’, या आठ भागांच्या चित्रपटात आपली पत्नी मिया माय हिला चीन-आफ्रिकेपर्यंत फिरवून आणले होते. ‘ग्राबमाल’मधली आयरिनही त्याच. प्रेक्षक तिकिटाच्या पैशांत दूर जाऊन येत होते. त्या भुकेची मला कणव वाटते, आणि ज्यांनी ती भागवली त्यांचे पुढे काय झाले हे आठवले की ती वाढते: १९३३ नंतर ज्यू असलेल्या जो माय यांना देश सोडावा लागला, आणि पत्नी ज्यू असलेल्या कॉनराड फाइट यांनीही तो सोडला. हार्बू मात्र नाझी राजवटीत तिथेच राहून चित्रपटांचे काम करीत राहिल्या. याच हार्बू यांनी त्या दशकात बर्लिनमध्ये आयी तेंडुलकर या बेळगावकडच्या मराठी पत्रकाराबरोबर संसार केला. ज्या देशाची कबर त्यांनी मनाने रचली त्या देशाचा, आमच्या शेजारच्या मुलखाचा एक माणूस त्यांच्या घरात राहत होता. त्यांना खरा भारत भेटला तो कादंबरीनंतर दहा-पंधरा वर्षांनी, आणि तोही मराठी बोलणारा.

आता ‘शिराझ’. हिमांशू राय यांनी निर्माण केलेला आणि म्युनिकच्या फ्रान्झ ऑस्टेन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट निरंजन पाल यांच्या नाटकावर आधारलेला आहे, आणि तो प्रत्यक्ष भारतात, भारतीय नटांना घेऊन चित्रित झाला. कुंभाराचा मुलगा शिराझ आपल्या घरी वाढलेल्या सेलिमावर प्रेम करतो. तिला गुलामांचे व्यापारी पळवतात, ती शाहजादा खुर्रमच्या महालात पोहोचते आणि पुढे मुमताज महल होते. शिराझ तिच्या मागे येतो, हत्तीच्या पायाखाली चिरडला जाता जाता वाचतो, आणि वर्षानुवर्षे महालाबाहेर तिच्या आठवणीवर जगत आंधळा होतो. ती वारल्यावर बादशहा कबरीचे नमुने मागवतो आणि निवड होते ती शिराझने घडवलेल्या नमुन्याची. असे दुसरे काही या कारागिराने कधी घडवू नये म्हणून त्याचे डोळे काढण्याचा हुकूम सुटतो, तेव्हा कळते की त्याला आधीच दिसत नाही.

इतिहास म्हणून यातले जवळजवळ काहीच खरे नाही. मुमताज ही आसफखानाची मुलगी होती, कुंभाराच्या घरी वाढलेली पोर नव्हे. आणि ताजच्या रचनेचे श्रेय परंपरेने उस्ताद अहमद लाहोरी यांना दिले जाते. चित्रपटात पैसाही जर्मन आणि ब्रिटिश कंपन्यांचा होता, आणि युरोपातल्या प्रेक्षकांना डोळ्यांसमोर ठेवूनच हत्ती-उंटांची रेलचेल केलेली आहे. म्हणजे दूरदेशीच्या प्रेमकथेचा साचा तोच राहिला. तरीही त्या साच्यात एक गोष्ट बदलली, आणि माझ्या लेखी तीच सगळ्यांत मोठी आहे: इथे प्रेम करणारा आणि बांधणारा हात एकाच माणसाचा आहे, आणि तो माणूस कुंभाराच्या घरचा आहे. हिमांशू राय यांनी ती भूमिका स्वतः केली. वोल्टर्सडॉर्फमध्ये राजाला जे करू दिले नाही ते आग्र्यात कुंभाराच्या पोराने केले. सात वर्षांत पडलेल्या या अंतराकडे चित्रपटांवर लिहिणाऱ्यांनी अधिक लक्ष द्यावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

‘शिराझ’ आज पाहता येतो तो लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ साली त्याचे जतनकार्य केले आणि अनुष्का शंकर यांनी त्याला संगीत दिले म्हणून. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले शिल्लक आहेत ते जेमतेम दोन टक्के, आणि त्यांतही तुकडे बरेच. जर्मन राजा एश्नापुरात फिरत होता त्याच वर्षांत कोल्हापुरात बाबूराव पेंटर स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याने चित्रपट काढत होते. ते मूळचे चित्रकार आणि शिल्पकार. रंगवलेल्या पडद्यांवर न भागवता त्यांनी खरेखुरे उभे नेपथ्य बांधायला घेतले. महाल, तट, दरबार त्यांच्या आणि त्यांच्या कारागिरांच्या हातांनी उभे राहिले. १९२० चा ‘सैरंध्री’ गेला. १९२३ चा ‘सिंहगड’ गेला. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर उभे राहिलेले ते महाल मला पाहता येत नाहीत, आणि वोल्टर्सडॉर्फचे एश्नापूर मी हवे तेव्हा रात्री दिवा मालवून पाहू शकतो.